शेऱ्याचा रकाना

वडगावात, आमच्या गल्लीत, माग
दुपारी दोनला जेवायला थांबायचे
आणि नेमका तेव्हाच सोसायटीचा पोरगा
परत आलेल्या साड्यांचं गाठोडं
ओट्यावर टाकून जायचा.
घडीला टाचणी, टाचणीला चिठ्ठी,
चिठ्ठीवर इंग्रजी.
कानडी लिहिलं तर आप्पा वाचणार नाहीत,
मराठी लिहिलं तर साहेबांना वरून विचारतील,
म्हणून दोघांचीही नसलेली एक भाषा
मध्ये उभी असायची, जकात नाक्यासारखी.

मी सातवीत. घरातलं सगळं इंग्रजी माझ्याकडं.
डल, मी वाचायचे.
म्हणजे?
म्हणजे मंद.
मंद दिवा असतोय ग, नाहीतर पोरगं असतंय.
साडी कशी मंद?

पुढच्या महिन्यात डिम. मग डिंजी.
मग हिरेमठ साहेबांनी एकदा लांबलचक काहीतरी लिहिलं,
लॅकलस्टर,
त्यासाठी नाडगौडा बाईंच्या कपाटापर्यंत जावं लागलं.
पाठ निघालेल्या शब्दकोशात बोट ठेवलं:
निस्तेज. कळाहीन.
घरी येऊन मी नुसतं 'फिकट' म्हणाले.
कळाहीन हे बापाला तोंडावर कसं सांगायचं?

साडीमागं साठ रुपये कमी. माल सेकंड्समध्ये.

आप्पांचे शब्द कुठल्याच चिठ्ठीत मावले नसते.
राखट. ताकवणी.
निपाणीकडचा तंबाखू तिसऱ्या उन्हाला होतो तो.
धुकं उतरल्यावर येळ्ळूरचा गड दिसतो तो.
हे रंग ते मुद्दाम धरायचे,
सूत बुडवून, पिळून, पुन्हा बुडवून,
कोपरापर्यंत हात निळेकाळे.
चकाकतंय ते उजेड परत फेकतंय, बघ,
एकदा म्हणाले, आणि बिडी विझवली.
पुढं काही बोलले नाहीत.
पुढच्या हप्त्याला मात्र
भडक गुलाबी सूत आणलं. ते लगेच पास झालं.

आता त्याच सोसायटीत, त्याच टेबलावर मी.
माग सतरा उरलेत.
शेऱ्याचा रकाना तीन भाषांत छापतात,
खाली जागा तेवढीच, एका ओळीची.

मार्गशीर्षात हिरेमठ आले, भिंतीला हात लावत.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
पिशवीतून साडी काढली, टेबल चाचपून ठेवली.
याव बण्ण इदु, मगळ?
आणि मी गप्प आहे बघून, मराठीत,
माझ्यापेक्षा साफ मराठीत:
ही हिची. सेकंड्समधनं मीच नेली होती, स्वस्त पडली म्हणून.
वीस वर्षं नेसली. शेवटी दवाखान्यात जातानाही हीच.
आता मला कळंना झालंय,
साडी मंकु आहे का माझा डोळा?

काठात डावीकडून चौथा दोरा चुकलेला होता.
आप्पा तो मुद्दाम चुकवायचे.
सही कुठं करणार, म्हणायचे.

साडी घेऊन मी खिडकीपाशी गेले.
डल नव्हती. निस्तेज नव्हती.
वीस वर्षांच्या धुण्यानं जो जायचा तो रंग गेला होता,
आणि जो होता तो तसाच बसला होता,
जागा न सोडणाऱ्या माणसासारखा.

येळ्ळूरचा गड, मी म्हणाले. धुकं उतरल्यावरचा.
हिरेमठांनी मान खिडकीकडं वळवली.
तिकडं आता चार मजली अपार्टमेंट आहे,
ते मी सांगितलं नाही.

सोमवारी डोळा उघडणार, ते म्हणाले.
तोवर राहू दे तुझ्याकडं.
मला पहिल्यांदा ही बघायची आहे.

सवयीनं घडीला चिठ्ठी टाचली.
नाव लिहिलं. वार लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं
तर शाई संपलेली,
कागदावर नुसता एक ओरखडा उठला,
तिरका धरला तरच दिसणारा.